लग्नाचं शूटिंग नॅसवर टाकायला अख्खी रात्र का लागते?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे कुणी मधूनच वाचायला घेतलं तरी कळेल. दारव्हा तालुक्यातल्या गावात जुना वाडा, दोन-दोन फुटी मातीच्या भिंती. ओसरीत फायबरवाल्यानं लावलेला डबा, तोच राऊटर. माजघरात सिग्नल येत नाही म्हणून तिथं एक रिपीटर. रिपीटरच्या लॅन पोर्टाला केबलनं जोडलेली दोन डिस्कांची नॅस, म्हणजे घरातल्या कुठल्याही यंत्रावरून नेटवर्कनं फाइली ठेवायची पेटी. तुम्ही लग्नं शूट करता, एडिटिंगचा लॅपटॉप ओसरीच्या वर माडीत. लॅपटॉप दाखवतो ८६६ एमबीपीएस, पण ६४ जीबीचं कार्ड नॅसवर टाकायला घेतलं की वेग साडेतीन एमबीच्या वर सरकत नाही आणि पाच तास जातात. प्लॅन ५० चा १०० करून पाहिला, काडीचा फरक नाही. आता दुकानदार म्हणतो नवा राऊटर घ्या, सहा-सात हजार लागतील. घेऊ का?

एवढ्यात घेऊ नका. सतरा-अठरा वर्षं वर्धा-यवतमाळच्या गावांत हेच काम करतोय. नवा राऊटर आणून जुनाच वेग मिळालेली घरं मी इतकी पाहिली आहेत की राऊटर शेवटी बदलायचा, हा माझा नियम झालाय. (आमच्याकडे या पेटीला सरसकट 'नास' म्हणतात. एका आजीनं मला विचारलं होतं, "पोरा, नास होते त्यात फोटो कायले ठेवता?" मी आपलं 'नॅस' लिहितो.)

आधी त्या ८६६ कडे पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लॅपटॉप खोटं बोलत नाही. पण तो आकडा लॅपटॉपपासून ज्या डब्याला तो लटकलाय त्या डब्यापर्यंतचाच आहे. पुढं फाइल कशी जाते, हे लॅपटॉपला माहीतच नसतं. माडी ओसरीच्या वर आहे, मधे लाकडी पाटणी. म्हणजे तुमचा लॅपटॉप बहुधा रिपीटरला नाही, थेट ओसरीतल्या डब्याला जोडला जातोय. डबा आणि रिपीटर, दोघांच्या वायफायचं नाव एकच ठेवलंय, त्यामुळे कुठं जोडलं गेलं ते तुम्हाला दिसत नाही. मग फाइल माडीवरून ओसरीत येते ८६६ च्या झोकात, आणि तिथून दोन फुटी मातीच्या भिंतीतून माजघरातल्या रिपीटरकडे जाताना तिची दमछाक होते. तुमचा दोष या दुसऱ्या टप्प्यात असावा, हा माझा पहिला संशय. खात्री करायची रीत खाली सांगतो.

त्याआधी प्लॅनचं एक काढून टाकू. माडीवरून माजघरात जाणारी फाइल घराबाहेर जातच नाही. प्लॅन ५० चा असो, १०० चा असो किंवा फायबर तुटून चार दिवस नेट बंद असो, घरातल्या घरातला वेग तोच राहतो. फायबर काढून ठेवा आणि कॉपी करून पाहा, पटेल. याला एक अपवाद आहे आणि तो बऱ्याच जणांना नडतो. फोनमधल्या नॅसच्या अॅपमध्ये पेटीचा घरातला पत्ता न टाकता कंपनीनं दिलेला बाहेरून जोडायचा आयडी टाकलेला असेल, तर कधी कधी फोटो घरातून निघून कंपनीच्या सर्व्हरला वळसा घालून परत घरात येतो. म्हणजे माजघरातून सैपाकघरात पाण्याचा गुंड न्यायला यवतमाळमार्गे जाणं. तेव्हा प्लॅनचा अपलोड वेग खरोखरच आडवा येतो. घरात असताना अॅपमध्ये १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता टाका.

दुसरं, एमबीपीएस आणि एमबी यांतला फरक. वायफायवाले बिटमध्ये मोजतात, कॉपीची खिडकी बाइटमध्ये दाखवते. आठ बिटचा एक बाइट. तेव्हा ८६६ ला आठनं भागा, कागदावर १०८ एमबी सेकंदाला. तेवढेही मिळत नाहीत, कारण वायफाय म्हणजे आपल्या नाल्यावरचा रपटा. एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते, समोरचा थांबतो. लॅपटॉप बोलतो तेव्हा डबा ऐकतो, डबा पोच देतो तेव्हा लॅपटॉप गप्प. शिवाय त्याच रपट्यावर घरातले फोन, टीव्ही, कॅमेरा, सगळे रांगेत. म्हणून लिंकचा जो आकडा दिसतो त्याच्या निम्मं हाती पडलं तरी मी ते चांगलं धरतो. ८६६ च्या लिंकवर, डबा त्याच खोलीत असेल आणि पुढं नॅस केबलवर असेल, तर ४५ ते ५५ एमबी. २.४ गीगाहर्ट्झवर दोन अँटेनांचा डबा, साधा २० मेगाहर्ट्झचा पट्टा, तर लिंक १४४ आणि हातात आठ-नऊ एमबी. एकाच अँटेनाचं यंत्र असेल तर लिंक ७२ आणि हातात चार-साडेचार. आता तुमचे साडेतीन बघा. हा आकडा २.४ वरच्या थकलेल्या लिंकचा वास देतो.

रिपीटरमुळे यात भर पडते. बरेच स्वस्त रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतात त्याच रेडिओवर पुढं बोलतात. लॅपटॉप रिपीटरला आणि नॅस ओसरीतल्या डब्याला, असं असेल तर तोच माल त्याच रपट्यावरून दोनदा जातो आणि वेग निम्मा होतो. तुमच्याकडे नॅस रिपीटरला केबलनं आहे. त्यामुळे लॅपटॉप रिपीटरलाच जोडला तर मधली भिंत टळते. पैसा न घालता करायची ही पहिली गोष्ट: रिपीटरच्या वायफायचं नाव बदला, 'माजघर' ठेवा, लॅपटॉप घेऊन माजघरात बसा, त्या नावाला जोडा आणि तीच फाइल टाका. वेग साडेतीनवरून एकदम दहा-अकरावर गेला, तर माझा संशय खरा. गेला नाही तर पुढं वाचा.

(एकदम दहा-अकराच का, त्याहून जास्त का नाही? कारण रिपीटरचं लॅन पोर्ट बहुतेक १०० एमबीपीएसचं असतं. त्यातून सेकंदाला अकरा-साडेअकरा एमबीपेक्षा जास्त काही जातच नाही, मग हवेत ८६६ असो की १२००.)

आता रीतसर मोजणी. नॅस बंद करा, पण बटणानं किंवा ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या तिच्या सेटिंगच्या पानावरून, प्लग ओढून नाही. ती ओसरीत आणा. नॅस आणि लॅपटॉप दोन्ही केबलनं फायबरच्या डब्याला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा. एकच मोठी व्हिडिओ फाइल घ्या, पाच-सात जीबीची, आणि टाका. सुरुवातीचे दहा-पंधरा सेकंद आकड्याकडे पाहू नका. विंडोज आधी मेमरीत भरतं, त्यामुळे कॉपीचा आलेख आधी उंच उडतो आणि मग धाडकन खाली येतो. स्थिरावलेला आकडा खरा.

तो ११० च्या आसपास स्थिरावला तर नॅस, डिस्क, केबल, डबा सगळं निर्दोष आणि भांडण फक्त हवेशी. ११ वर अडकला तर कुठंतरी १०० चं पोर्ट नाहीतर अर्धवट केबल आहे. ११० वरून सुरू होऊन काही मिनिटांनी वीस-पंचवीसवर घसरला तर डिस्क. या एका चाचणीनं निम्मे गुन्हेगार सुटतात.

त्या ११ च्या आकड्यावरून माझीच चूक सांगतो. २०१२ च्या सुमारास आम्ही केबल क्रिंप करताना, म्हणजे तिला प्लग बसवताना, आठ तारांतल्या चारच वापरायचो. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, उरलेल्या दोन जोड्यांवर दुसरं कनेक्शन चालवता यायचं, केबल वाचायची. हिंगणघाटजवळच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी मी तशीच केबल टाकून आलो. कितीतरी वर्षांनी त्यांनी नॅस घेतली, नवा गिगाबिट राऊटर घेतला, आणि वेग अकराच. मला बोलावलं. मी दोन तास राऊटरची पानं उलटत बसलो, चॅनेल बदलले, फर्मवेअर टाकलं. शेवटी कंटाळून प्लग काढून उन्हात धरला, तर आत चारच रंग: नारिंगी, पांढरा-नारिंगी, हिरवा, पांढरा-हिरवा. निळा आणि तपकिरी गायब. क्रिंप माझंच. गिगाबिटला चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात, निळ्या-तपकिरी जोड्यांतली एक जरी तुटली तरी पोर्ट बहुधा गुपचूप १०० वर उतरतं आणि कुठंही लाल दिवा लागत नाही. त्यांच्याकडून त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. तुमच्या ओसरीतल्या डब्याची केबलही कुणीतरी केव्हातरी क्रिंप केलेली आहे. प्लग काढा आणि आठ रंग मोजा.

केबलच्या चाचणीत सगळं ठीक निघालं आणि वायफायवर आलात की वेग मेला, तर आयपर्फ-३ (iperf3) नावाचं फुकट साधन आहे. ते डिस्कला हात न लावता फक्त वाट मोजतं. नॅसवर ते ऐकणारं म्हणून चालवायचं (बऱ्याच पेट्यांवर अॅप म्हणून किंवा डॉकर या अॅप चालवायच्या सोयीतून चालतं, नसेल तर घरातला दुसरा लॅपटॉप रिपीटरच्या केबलला लावा) आणि लॅपटॉपवरून त्याच्या पत्त्यावर फेकायचं. मग उलट दिशेनं, वजा-आर (-R) देऊन. दोन्ही दिशा मोजा, कारण लॅपटॉपची अँटेना डब्याच्या अँटेनापेक्षा दुबळी असते. नॅसवरून लॅपटॉपवर यायला वेग बरा आणि टाकायला मार, ही तक्रार नेहमीची आहे. आयपर्फनं २०० एमबीपीएस दाखवले आणि फाइल मात्र पाच एमबीनं जात असेल, तर वायफायला शिव्या देणं थांबवा.

लिंक पाहायला विंडोजच्या काळ्या खिडकीत नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) ही आज्ञा द्या. रेडिओचा प्रकार, चॅनेल, येणारा-जाणारा दर आणि सिग्नलची टक्केवारी, सगळं एका पानात येतं. पण तुमच्या बाबतीत त्याहून महत्त्वाचं पान रिपीटरचं आहे. त्याच्या आत जाऊन ओसरीच्या डब्याशी त्याची लिंक किती, सिग्नल किती, ते पाहा. सिग्नल डीबीएम या मापात उणे आकड्यानं लिहितात, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. उणे ५५ डीबीएम म्हणजे मस्त. उणे ६७ पर्यंत काम निभतं. उणे ७५ च्या खाली गेलं की रिपीटर नुसता दिव्यासाठी लावलाय म्हणा. त्याची जागा चुकलीय, आणि ही चूक दहातली आठ घरं करतात: जिथं सिग्नल येत नाही तिथंच रिपीटर ठेवतात. जिथं त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तिथून तो पुढं काय सांगणार? तो ओसरी आणि माजघराच्या मधल्या दाराच्या चौकटीजवळ हवा.

त्याच पानावर लिंक नेमकी ५४ दिसली तर मात्र नशीब उघडलं समजा, कारण दुरुस्ती एका मिनिटाची आहे. वायफायच्या सुरक्षेत जुना टीकेआयपी प्रकार निवडलेला असेल किंवा डब्ल्यूएमएम (कुठला माल आधी जावा ते ठरवणारी वायफायची सेटिंग) बंद असेल, तर २००९ नंतरचा कोणताही डबा जुन्या काळात जाऊन ५४ वर बसतो. हातात येतात अडीच-तीन एमबी. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ आणि एईएस ठेवा, डब्ल्यूएमएम चालू करा. एखादा जुना फोन चालेनासा होईल म्हणून कुणीतरी कधीतरी 'मिक्स्ड' करून ठेवलेलं असतं, आणि तो फोन मरून पाच वर्षं झालेली असतात.

आता आपल्या घरांबद्दल. शहरातले सल्ले वाचून लोक चॅनेल बदलत बसतात. नागपुरात फ्लॅटमध्ये पस्तीस वायफाय दिसतात, तिथं ते योग्यच आहे. तुमच्या गावात किती दिसतात? तुमचं, ग्रामपंचायतीचं, फार तर शाळेचं. हवा मोकळी आहे. २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी एक पक्का करून टाका आणि विसरा. आपला शत्रू शेजारी नाही, आपलंच घर आहे. मातीची भिंत ५ गीगाहर्ट्झला २.४ पेक्षा जास्त गिळते, आणि ओली झाली की आणखी. श्रावणात वायफाय मंदावतं असं सांगणारे लोक वेडे नसतात. पाणी मुरलेली भिंत आणि वाळलेली भिंत रेडिओच्या दृष्टीनं दोन वेगळ्या भिंती आहेत. लोखंडी कपाट, टिनपत्र्याची पार्टिशन, धान्याची टिनाची कोठी, ही तर आरसेच. सिग्नल आदळून परत.

आणि कूलर. वरुडकडच्या एका घरी दरवर्षी एप्रिल लागला की वायफायवरून कॉपी रडायची आणि जून संपला की आपोआप बरी व्हायची. घरमालक म्हणायचे, "भाऊ, उन्हानं राऊटर तापते नं!" मीही दोन उन्हाळे तेच मानलं. तिसऱ्या वर्षी दुपारी गेलो तेव्हा लक्षात आलं: राऊटर भिंतीवर, त्याच्यासमोर खिडकीत कूलर. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना चिंब ओल्या ताट्या, तळाला पन्नास-साठ लिटर पाणी. पत्रा अडवतो आणि पाणी शोषतं, दोन्ही एका जागी. कॉम्प्युटर बरोबर त्या कूलरच्या पलीकडच्या पडवीत. राऊटर सहा फूट बाजूला सरकवला, खिळा एक लागला. तुमच्या माडीत कूलर कुठं आहे ते लिहिलं नाहीत, पाहून घ्या.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. यूएसबी-३ ची डिस्क आणि तिची केबल २.४ गीगाहर्ट्झच्या आसपास आवाज करतात. इंटेलनंच २०१२ मध्ये हे मोजून मांडलं होतं. राऊटरला किंवा लॅपटॉपला चिकटून डिस्क लावली की २.४ चं वायफाय बहिरं होतं. कार्ड रीडर लॅपटॉपच्या डाव्या पोर्टात आणि वायफायची अँटेना पण तिकडंच, असंही होतं. तुम्ही कार्डावरून थेट नॅसवर टाकता. एकदा कार्ड आधी लॅपटॉपच्या एसएसडीवर उतरवा, रीडर काढा, मग नॅसवर टाकून पाहा. यातून कार्ड रीडरच संथ आहे का तेही उघडं पडेल. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. बॅटरीवर असताना विंडोज वायफायलाही अर्धपोटी ठेवतं.

वायफायचे कॅमेरे गोठ्यात, अंगणात लावून ते नॅसवर रेकॉर्ड करत असाल तर ते चोवीस तास रपटा अडवून बसलेत. लांबचा, कमी सिग्नलचा कॅमेरा सर्वांत वाईट, कारण तो थोडासाच माल अतिशय हळू नेतो आणि बाकी सगळे थांबतात. कॉपीच्या वेळी तो बंद करून फरक पाहा.

फाइली किती आणि कशा, याचाही हिशेब असतो. बाजार समितीत एक ट्रक कापूस आला तर एक काटा, एक पावती. तोच कापूस चार हजार गाठोड्यांत आला आणि प्रत्येकाला वेगळी पावती हवी असेल तर संध्याकाळ होते. नॅसवर प्रत्येक फाइलीसाठी उघड, लिही, वेळ नोंदव, बंद कर अशी देवघेव होते, आणि वायफायवर प्रत्येक देवघेवीत काही मिलिसेकंद जातात. लग्नाचे चार हजार फोटो म्हणून व्हिडिओपेक्षा हळूच जाणार. फोटोंचं एक झिप करून टाका, किंवा विंडोजची रोबोकॉपी (robocopy) ही आज्ञा एमटी (/MT) पर्यायासह वापरा, ती एका वेळी आठ-आठ फाइली नेते. एडिटिंग सॉफ्टवेअरचं कॅशे, म्हणजे त्याच्या कामापुरत्या तात्पुरत्या फाइली, मात्र नॅसवर कधीच ठेवू नका.

डिस्कचं थोडक्यात. स्वस्तातल्या काही डिस्क एसएमआर जातीच्या असतात. त्यांत पट्ट्या एकावर एक, कौलांसारख्या चढवलेल्या असतात, त्यामुळे मधली एक बदलायची तर शेजारच्या पुन्हा लिहाव्या लागतात. सुरुवातीचे काही जीबी झपाट्यानं जातात, मग श्वास लागतो. नॅससाठी सीएमआर, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली डिस्क घ्या, डिस्कच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. डिस्क ९० टक्क्यांच्या वर भरली असेल तर रिकामी करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो वगैरे प्रकारांत नॅसकडे जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर ओळखीची सही करणं सक्तीचं झालंय, त्यानं दुबळ्या प्रोसेसरची जुनी नॅस थोडी मंदावते. पण साडेतीन एमबीला ते कारण नव्हे, तेव्हा ती सेटिंग बंद करायच्या भानगडीत पडू नका.

विजेचं मात्र विसरू नका. रब्बीत मोटारी चालू झाल्या की आपल्याकडे दिवे पिवळे होतात, डीपी उडाली तर दोन दिवस अंधार. दोन डिस्कांची जोडी लिहिता लिहिता बंद पडली की पुन्हा सुरू झाल्यावर काही पेट्या दोन्ही डिस्क पहिल्यापासून ताडून पाहतात. चार टीबीला आठ-दहा तास सहज. त्या काळात तुम्ही कॉपी लावली तर वेग कोसळणारच. 'काल बरं होतं, आज अचानक' अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, रात्री लाइन गेली होती का? नॅसच्या पानावर स्टोरेजमध्ये ते काम चालू दिसतं, ते होऊ द्या. इन्व्हर्टर असेल तर त्याची खुंटी यूपीएस मोडवर ठेवा. जमलं तर यूएसबीनं नॅसशी बोलणारा छोटा यूपीएस घ्या, बॅटरी संपत आली की पेटी स्वतःहून नीट बंद होते.

एवढं सगळं मोजल्यावर तुमच्या घराचा इलाज मला केबलच दिसतो. ओसरीतून माजघरात पंचवीस-तीस फूट. ६४ जीबी साडेतीनच्या वेगानं पाच तास लागतात. नॅस केबलनं ओसरीच्या डब्याला जोडलेली असेल आणि लॅपटॉप माडीवर ८६६ च्या वायफायला, तर ४५ च्या वेगानं चोवीस मिनिटं. लॅपटॉपलाही केबल दिली तर दहा. आधी त्या डब्याचं पोर्ट गिगाबिट आहे का ते वरच्या चाचणीत कळेलच. नसेल तर पाच पोर्टांचा छोटा गिगाबिट स्विच घ्या आणि नॅस व लॅपटॉप दोन्हींच्या केबली त्यातच लावा. माडीवरून वायफायनंच काम करायचं असेल, तर मात्र फायबरवाल्याकडे गिगाबिट पोर्टांचा डबा मागा. त्याच्याकडे नसेल तरच नवा राऊटर.

केबल घेताना कॅट-६ आणि शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल निम्म्या भावात मिळते, ती क्रिंपपाशी मोडते. ओळखायची सोपी रीत: एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. मातीच्या भिंतीला भोक पाडायला ड्रिल लागत नाही, पण पीव्हीसी पाइप नक्की घाला. उंदरांना केबलचं आवरण शेंगदाण्याइतकं आवडतं. पाइपची दोन्ही तोंडं बुजवा.

तांब्याची केबल अंगण ओलांडून गोठ्यात किंवा दुसऱ्या घरात मात्र नेऊ नका. मे-जूनमधला आणि परतीचा पाऊस आपल्याकडे विजा घेऊन येतो, आणि शेजारच्या झाडावर पडलेली वीजसुद्धा त्या केबलमधून दोन्हीकडची पोर्टं जाळते. तिथं फायबर टाका. गावातल्या केबलवाल्याकडे तार आणि जोडायचं मशीन दोन्ही असतं. दोन गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडून देणारे छोटे डबे) लागतात, ए आणि बी अशी जोडी. दोन ए आणलेत तर दिवाच लागणार नाही.

केबल माजघरात पोचली की रिपीटरलाही त्याच केबलवर घेऊन अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तिथंही चांगलं वायफाय मिळेल. तेवढ्यासाठी नॅसजवळ आणखी एक छोटा स्विच लागेल. नॅसची केबल त्या स्विचला लावा, रिपीटरच्या १०० च्या पोर्टातून पुढं नेऊ नका, नाहीतर पुन्हा अकरावर याल.

मग नॅसच ओसरीत का आणू नये, असं तुम्ही विचाराल. आणू नका. बहुतेक घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं. ओसरीत, पत्र्याच्या पडवीखाली, दुपारी ती पेटी भट्टीत बसेल. ज्या भिंतीनं तुमचं वायफाय मारलं, तीच भिंत माजघर गार ठेवते. पेटी आहे तिथंच राहू द्या, फक्त कोनाड्यात ठेवली असेल तर बाहेर काढून लाकडी फळीवर ठेवा. कोनाड्यात वारा खेळत नाही, आणि पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते.